भीमातीरीची अशोकशिळा

पंढरपुरास भाविक जिला चंद्रभागा म्हणून वंदन करतात, तीच भीमा पुढे कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात शिरते. तेथे तिच्या काठी सन्नती नावाचे लहानसे गाव आहे. महाराष्ट्रातील अनेक घराण्यांची कुलदेवता चंद्रलांबा हिचे मंदिर तेथेच असल्याने मराठी माणसाला ते अगदीच परके नाही. १९८६ साली या मंदिराच्या परिसरातील कालीमंदिराचे छत कोसळले व मूर्ती भंगली. तेव्हा मूर्तीखालची बैठकीची शिळा उघडी पडली. तिच्यावर ब्राह्मी लिपीतील अक्षरे होती आणि ती सम्राट अशोकाच्या आज्ञांची होती.

अशोकाने इसवी सनापूर्वी सुमारे २६८ ते २३२ या काळात राज्य केले. राज्याभिषेकास ८ वर्षे झाल्यावर त्याने कलिंग जिंकले. त्या युद्धात एक लक्ष माणसे मारली गेली आणि दीड लक्ष देशोधडीस लागली, हे त्याने स्वतःच शिळेवर कोरून ठेवले आहे. विजयाचा हिशेब पश्चात्तापाच्या भाषेत मांडणारे राजे इतिहासात विरळाच! पुढे त्याची बुद्धावरील निष्ठा दृढ झाली. रायचूर जिल्ह्यातील मस्की येथे १९१५ साली सापडलेल्या लेखात तो आपल्याला बुद्धाचा उपासक म्हणवितो. शिलालेखांतला ‘देवांना प्रिय’ राजा म्हणजे अशोकच, याचाही निःसंदिग्ध पुरावा प्रथम त्याच लेखाने दिला. बुद्धाचे जन्मस्थान लुंबिनी येथे तो स्वतः गेला आणि त्या गावाचा कर त्याने माफ केला.

राजा एका धर्माचा असा निस्सीम भक्त झाला, म्हणजे इतरांचे काय होणार, ही शंका कोणत्याही काळी रास्तच ठरते. तिचे उत्तर सन्नतीच्या शिळेवर आहे. तिच्यावरील एका आज्ञेत अशोक सर्व पंथांचा आदर करावयास सांगतो. दानापेक्षा व पूजेपेक्षा सर्व पंथांत साराची वाढ व्हावी, हे त्यास अधिक मोलाचे वाटते. आणि त्याचे मूळ तो वाणीच्या संयमात पाहतो. जो आपल्या पंथाच्या प्रेमापोटी दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो, तो वस्तुतः आपल्याच पंथाची हानी करतो, असे त्याचे म्हणणे आहे. हा नुसता उपदेश नव्हता. बौद्धांहून भिन्न अशा आजीवक संन्याशांना त्याने गयेजवळच्या बराबर डोंगरात गुहा दान केल्या होत्या.

याच शिळेवर आणखी दोन आज्ञा आहेत. त्या पूर्वी केवळ कलिंग प्रांतातच आढळल्या होत्या. त्यांत सर्व माणसे आपली लेकरे आहेत असे सांगून राजा अधिकाऱ्यांना बजावतो, की कोणास अकारण बंदिवास वा छळ होऊ नये. मत्सर, क्रोध, उतावळेपणा व आळस यांनी न्याय बिघडू नये. सीमेपलीकडच्या अजिंक्य राहिलेल्या लोकांनी आपले भय बाळगू नये, असेही तो कळवितो. जिंकलेल्या कलिंगास दिलेला हा शब्द भीमेच्या काठीही कोरला गेला, ही सन्नतीची मोठी देणगी होय.

सन्नतीजवळच्या कनगनहळ्ळी येथे १९९४ पासून झालेल्या उत्खननात एक भव्य स्तूप उजेडात आला. अशोकानंतर, सातवाहनांच्या काळात घडविलेल्या तेथील एका शिल्पात राजा व राणी सेवकांसह उभे असून, राजाचे नाव अशोक म्हणून कोरलेले आहे. तलवारीचा धाक ओसरल्यावरही या प्रदेशाने त्याची आठवण दगडात राखली.

मूर्ती बसविण्यासाठी कोणा अज्ञात कारागिराने त्या शिळेत मधोमध खाच पाडली होती. तीत काही अक्षरे नष्ट झाली. परंतु त्याच मूर्तीच्या छायेत उरलेली सुरक्षितही राहिली. एका पंथाचा शब्द दुसऱ्या पंथाच्या गाभाऱ्याने नकळत सांभाळला! श्रोत्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. आपल्या आज्ञा ठरावीक दिवशी मोठ्याने वाचून दाखवाव्यात, ऐकणारा एकटाच असला तरी त्याला ऐकवाव्यात, अशी अशोकाची ताकीद होती. वाणीच्या संयमाची आज्ञा आजही अशीच पुनःपुन्हा ऐकण्यासारखी आहे.