दीड वर्षाच्या बाळाचा दिवस
(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात व्यवस्थापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)





वार्षिक सभेत व्यवस्थापकाने उभे राहावयाचे ते आकडे वाचण्यासाठी, असा आपल्याकडील प्रघात आहे. आमचे शिक्षणही वाणिज्य शाखेचे. परंतु यंदाचे आकडे पुढील पानांवर छापलेले आहेत आणि लेखापरीक्षकांनी ते तपासलेले आहेत. म्हणून आज कोणत्याही खतावणीत न मावणाऱ्या एका विषयावर बोलण्याची अनुमती आम्ही मागतो. तो विषय म्हणजे दीड वर्षाच्या बाळाचा दिवस.

याला कारण घडले ते आमच्या बिल खिडकीसमोर. एक आई तापाने आजारी असलेल्या आपल्या बाळाला घेऊन रांगेत उभी होती. ताप उतरला होता आणि बाळ फरशीवर बसून डब्याचे झाकण फिरवीत होते. इतक्यात मागच्या बाजूस औषधांचा स्टीलचा ट्रे खाली पडला. मोठा आवाज झाला. बाकाजवळची दोन मुले दचकून रडू लागली, मोठी माणसेही वळली. हे बाळ मात्र शांतपणे झाकण फिरवीतच राहिले. खिडकीवरील आमच्या सहकाऱ्याने ते पाहिले व डॉक्टरांना सांगितले. पुढे बेरा चाचणी झाली आणि दोन्ही कानांनी अत्यंत कमी ऐकू येत असल्याचे निष्पन्न झाले.

आम्ही त्या बाळाचा केसपेपर मागवून घेतला. जन्मानंतर काही आठवड्यांपासून ते आमच्याकडेच येत होते. लसी वेळेवर टोचलेल्या, वजन प्रत्येक भेटीत नोंदलेले, पावत्याही बिनचूक. पण ‘हाक मारल्यावर बाळ वळते का?’ हा प्रश्न कोणत्याही कागदावर नव्हता. आई म्हणाली, “अकरा महिन्यांचा होता तेव्हाच मला शंका आली होती. पण घरात म्हणाले, याचे वडीलही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते.” घरातील वडीलधाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांनी आपल्या अनुभवाने धीर दिला. विचारण्याचे काम आमचे होते आणि ते आमच्याकडून राहून गेले, हे या सभेपुढे कबूल करणे आमचे कर्तव्य आहे.

नवजात बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचारांचा आरंभ सहाव्या महिन्यापर्यंत व्हावा, असा जगन्मान्य दंडक आहे. शिवाय जन्मतः ऐकू येणाऱ्या काही मुलांची श्रवणशक्ती पुढे कमी होते. म्हणून एका चाचणीवर विसंबून चालत नाही. रोजच्या रोज बाळाकडे पाहणारे डोळे हवेत. ते डोळे रुग्णालयात नसतात, घरात असतात.

आता दीड वर्षाच्या बाळाचा दिवस डोळ्यांपुढे आणा. सकाळी उठताच ते खिडकीतल्या कावळ्याकडे बोट दाखवते आणि मग वळून आईकडे पाहते. आपण जे पाहिले ते तिनेही पाहावे, ही त्यामागील इच्छा असते. सोबत ‘काऊ’ म्हणण्याचा प्रयत्नही होतो. या बोट दाखविण्याला बालरोगतज्ज्ञ फार महत्त्व देतात. स्वयंपाकघरात ते डबे काढते, एकात एक घालते, पळीने बडवते. आईच्या दृष्टीने तो पसारा असतो, पण बाळ त्यातून लहान-मोठे आणि आत-बाहेर शिकत असते. आजोबांची चप्पल ओढून आणून ते त्यांच्या पायाशी ठेवते, कारण ‘चप्पल आण’ हे वाक्य त्याला कळलेले असते. दुपारी बाहुलीला मांडीवर घेऊन थोपटते. हे नक्कल करून खेळणे बुद्धीच्या वाढीचे लक्षण होय.

जेवणाच्या वेळी बहुतेक घरांत एकच तक्रार असते, की बाळ खात नाही. पहिल्या वर्षात वजन जन्माच्या सुमारे तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात ही गती मंदावते, त्यामुळे भूकही कमी भासते. दिवसातून तीन-चार वेळा घरचे मऊ जेवण, मधे एक-दोनदा थोडा खाऊ आणि दोन वर्षांपर्यंत किंवा त्यानंतरही आईचे दूध, एवढे पुरते. अख्खे शेंगदाणे व फुटाणे मात्र देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. दुपारची झोप धरून अकरा ते चौदा तास झोप या वयात आवश्यक असते. मोबाइल दाखवून घास भरविण्याची नवी रीत घरोघरी रुजली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाच्या बाळासाठी असा पडदा मुळीच नको.

प्रत्येक मूल आपल्या गतीने वाढते, हे खरेच आहे. तरीही या गतीला काही मर्यादा असतात. दीड वर्षाचे होऊनही आधाराशिवाय चालत नसेल, बोट दाखवीत नसेल, एकही अर्थपूर्ण शब्द नसेल, किंवा दोन वर्षांचे होऊनही ‘दूध दे’, ‘बाबा ये’ असे दोन शब्द जोडत नसेल, तर ‘पाहू पुढे’ म्हणू नये. आणि येत असलेले शब्द वा हसणे-खेळणे लोपले, तर वय कोणतेही असो, तत्काळ डॉक्टरांकडे यावे. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाचा दुसरा डोस व त्रिगुणी लसीचा बूस्टर असतोच. त्याच भेटीत मनातील शंका बोलून टाकावी. शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही 2013 सालापासून विकासातील विलंब तपासण्याची तरतूद आहे. आपल्या अंगणवाडी ताईंकडेही चौकशी करावी.

त्या प्रसंगानंतर आम्ही लसीकरण कक्षात एक साधा कागद ठेवला. परिचारिका आईला विचारते, “बाळाचा कालचा दिवस सांगा.” ती लिहून घेते आणि शंका आल्यास डॉक्टरांकडे पाठविते. या कामाला यंत्र लागत नाही, प्रत्येक बाळामागे दहा मिनिटे लागतात. देणगीदारांना यंत्रावर नावाची पाटी लावता येते, या दहा मिनिटांवर ती लावता येत नाही, याची आम्हांस जाणीव आहे. तरीही आमची विनंती आहे, की यंदाच्या दानाचा काही वाटा एका जादा परिचारिकेच्या व वाचा-उपचारतज्ज्ञाच्या वेतनासाठी, तसेच श्रवणचाचणीच्या शांत खोलीसाठी द्यावा.

ते बाळ आता श्रवणयंत्र लावून दर आठवड्यास येते. दाराची कडी वाजली की वळून पाहते. बोलण्यात अजून ते बरोबरीच्या मुलांच्या मागे आहे. गेलेले महिने आम्हांला त्याला परत देता येणार नाहीत. पुढच्या बाळाचे महिने मात्र वाचविता येतील, आणि त्यासाठी आपणा सर्वांचे साहाय्य हवे आहे.

पालकहो, आपण आपल्या बाळाला रोज पाहता. काही खटकले तर संकोच न करता सांगावे. ऐकून घेण्यास आम्ही बांधील आहोत.