मॉन्टगोमेरीतले पुतळे

(मासिक बैठकीत केलेले भाषण)

मैत्रिणींनो, मुलीकडे अटलांटाला गेले होते तेव्हा आम्ही दोघी एक दिवस मॉन्टगोमेरीला जाऊन आलो. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अलाबामा राज्याची ही राजधानी. काय पाहिलंस ते सांग म्हणालात, म्हणून उभी आहे.

मला बघायची होती रोझा पार्क्स. २०१९ साली भर चौकात तिचा पुतळा बसवलाय. आपण ऐकलेली गोष्ट अशी की १ डिसेंबर १९५५ ला एका दमलेल्या शिवणकाम करणाऱ्या बाईनं बसमधली जागा गोऱ्या उतारूला दिली नाही, आणि आंदोलन पेटलं. दमलेली कसली, पक्की कार्यकर्ती होती ती! १९४४ मध्ये ॲबव्हिल गावात रेसी टेलर या काळ्या तरुणीवर गोऱ्यांनी सामूहिक बलात्कार केला, तेव्हा चौकशीला रोझाच गेली होती. ज्यूरीनं दोनदा खटलाच उभा राहू दिला नाही. विधिमंडळानं माफी मागितली २०११ मध्ये, रेसीबाईंनी नव्वदी ओलांडल्यावर.

रोझाला अटक झाली त्या रात्री जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेनं कॉलेजच्या यंत्रावर हजारो पत्रकं काढली. सायक्लोस्टाईलच्या शाईनं हात काळे केलेल्या इथं बऱ्याच जणी आहेत, त्यांना ती रात्र डोळ्यांसमोर येईल. बसवरचा बहिष्कार ३८१ दिवस चालला. जॉर्जिया गिल्मोर आणि तिच्या सोबतिणींनी घरी स्वयंपाक करून, जेवण विकून पैसे उभे केले. पुढारी म्हणून नाव मात्र पुरुषांचं.

पण मला झोप लागू दिली नाही ती वेगळ्याच गोष्टीनं. राज्याच्या विधानभवनाच्या आवारात डॉ. मॅरियन सिम्स यांचा १९३९ मधला पुतळा आहे. 'आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचे जनक'! १८४५ ते १८४९ या काळात याच शहरात त्यांनी गुलाम बायकांवर शस्त्रक्रियांचे प्रयोग केले. अवघड बाळंतपणात मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये भोक पडतं, लघवी सतत गळत राहते, त्यावरचे प्रयोग. भूल न देता. एकट्या अनार्कावर तीसेक वेळा. संमती विचारली असेल तर मालकाची. शोध उपयोगी ठरला, हे मी नाकारत नाही. आपल्या दवाखान्यांतही बायका त्याचा फायदा घेतात. म्हणूनच तर जास्त टोचतं.

त्याच शहरात मिशेल ब्राउडर या कलावंत बाईनं २०२१ मध्ये अनार्का, ल्युसी आणि बेट्सी यांचे उंचच उंच पुतळे उभे केले. टाकाऊ लोखंडाचे, जोडकामाच्या खुणा दिसणारे. अनार्काच्या पोटाच्या जागी पोकळी आहे. माझी मुलगी पुतळ्यापाशी गेली, मी लांबच उभी राहिले. जवळ जाववेना.

ही तीन नावं आपल्याला ठाऊक आहेत, कारण सिम्सनीच आत्मचरित्रात ती लिहिली. बायका आणखीही होत्या, त्यांची लिहिली नाहीत.

फोटो आणलेत. चहा घेता घेता बघू.