बाळाची वाटी आणि आईचं घड्याळ

(महिला मंडळांच्या कार्यकर्त्या व अंगणवाडी सेविकांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



कुपोषणाची बातमी आली की एक वाक्य हमखास कानावर येतं : "आयांना कळतच नाही हो, पोरांना काय खायला घालायचं ते." अधिकारी म्हणतात, डॉक्टर म्हणतात, कधीकधी आपणही म्हणतो. आज मला या वाक्याशीच भांडायचं आहे.

आधी शास्त्र समजून घेऊ. बाळाला जन्मल्यावर तासाभरात अंगावर घ्यावं, चीक टाकू नये. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. सहा महिन्यांनंतर मात्र तेवढ्यावर भागत नाही. पोटात असताना मिळालेला लोहाचा साठाही याच सुमारास संपत येतो. म्हणून वरचं अन्न सुरू करायचं आणि अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवायचं.

बाळ रोडावतं ते बहुतेकदा याच काळात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुलं देशात शंभरात अवघी अकरा निघाली. आपल्या महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभरातल्या छत्तीस मुलांचं वजन वयाच्या मानाने कमी होतं.

असं का होतं? बाळाचं पोट एवढंसं. वरणाचं पाणी, पातळ पेज दिली की पोट भरतं, पण अंगी काही लागत नाही. खिमट घट्ट हवं, चमच्यावरून ओघळणार नाही इतकं. त्यात चमचाभर तेल किंवा तूप, शेंगदाण्याचं बारीक कूट, कुस्करलेली डाळ, पालेभाजी, जमेल तेव्हा अंडं. आणि एकदा भरवून चालत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन-तीन वेळा, नंतर तीन-चार वेळा, शिवाय मधे थोडं काहीतरी.

यातलं न कळण्यासारखं काय आहे? एका गावच्या बैठकीत हे सगळं सांगून झाल्यावर एक बाई म्हणाली, "ताई, समजलं सगळं. पण चार वेळा भरवणार कोण?" मग आम्ही जमिनीवर खडूने दिवसाचं घड्याळ काढलं. पहाटे पाणी, सरपण, भाकऱ्या. नऊपासून पाचपर्यंत खुरपणी. परत आल्यावर पुन्हा चूल. बाळाला भरवायला एका वेळी अर्धा तास धरला तरी दिवसाचे दोन तास लागतात. ते दोन तास घड्याळात कुठेच बसेनात. बायका हसल्या, मग गप्प झाल्या. कमतरता अकलेची नव्हती, वेळेची होती. नवऱ्यांचं घड्याळ काढलं तेव्हा संध्याकाळी पारावरचे दोन तास मात्र लगेच सापडले!

ऊसतोडीला जाणाऱ्या बहिणींचं घड्याळ तर याहून कठीण. दिवाळीच्या आसपास बीडसारख्या जिल्ह्यांतून जोडपी कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली. पहाटेच्या थंडीत बाई फडात उतरते. बाळ बांधावर, नाहीतर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. अंगणवाडीच्या रजिस्टरात नाव गावी, बाळ फडावर. एका बाळाची वाटी रिकामी राहते, आणि ती सांभाळणाऱ्या मुलीची शाळाही सुटते.

कायदे काय म्हणतात? २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवडे झाली. ती कोणाला? हजेरीपटावर नाव असलेल्या बाईला. शेतमजूर, घरकामगार, ऊसतोडणी करणारी बाई त्यात बसतच नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर आणि स्तनदा मातांना किमान सहा हजार रुपये देण्याचं मान्य केलं. २०१७ ची योजना आली ती पाच हजारांची, तीही पहिल्याच बाळापुरती. पुढे दुसरी मुलगी झाली तर लाभ देण्याचं ठरलं. बाकीच्या बाळांच्या आयांना भूक लागत नाही का?

सहा महिने फक्त अंगावर पाजा, असं सांगणारं सरकार आईला सहा महिने घरी बसण्याची मजुरी देत नसेल, तर तो सल्ला नाही, शिक्षा आहे.

बाजारही टपलेला असतोच. १९९२ च्या कायद्याने बाळाच्या दूध पावडरीची जाहिरात, फुकट नमुने, भेटवस्तू यांना बंदी केली. कुठे असे डबे वाटले जात असतील तर तक्रार करायला आपणच पुढे व्हायला हवं.

अंगणवाडी सेविकेलाही विसरू नका. दुसऱ्याची पोरं पोसण्याचं काम तिचं, पण त्याला पगार नाही, 'मानधन'. डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ पर्यंत महाराष्ट्रातल्या सेविका संपावर होत्या. त्यांची लढाई ही बाळाच्या वाटीचीच लढाई आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट ठेवू. कामाच्या ठिकाणी, फडावरसुद्धा, पाळणाघर हवं. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून २०१५ पासून गरोदर आणि स्तनदा मातांसाठी गरम जेवण सुरू झालं. तसं ताट स्थलांतरित आईलाही हवं. बाळंतपणाची मजुरी प्रत्येक कष्टकरी बाईला हवी.

आणि घरातही एक मागणी आहे. वाटी-चमचा बापाच्या हातात द्या. अंगावर पाजणं त्याला जमणार नाही, पण भरवायला काय हरकत आहे?

पुढच्या बैठकीत आहाराचा तक्ता लावण्याआधी घड्याळ काढा. मग ठरवू, न कळणारं कोण आहे ते.