सीलिअ‍ॅकच्या रुग्णाच्या उशाजवळची बाटली



  आहारतज्ज्ञांच्या या अधिवेशनात अध्यक्षानं वर्षभरातल्या कामाचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. मधुमेह, कुपोषण, भरडधान्यं या विषयांवर कालपासून उत्तम निबंध वाचले गेले. ते छापून येतील, जरूर वाचा. माझा वेळ मी एकाच गोष्टीसाठी घेणार आहे, कारण ती बरीच वर्षं मनात साचली आहे.

काल दुपारच्या सत्रात वाद झाला: सीलिअ‍ॅक (गहू-जवातलं ग्लुटेन आतड्याला सोसत नाही तो आजार) असलेल्या माणसानं सीबीडी, म्हणजे भांगेतल्या एका घटकाचं, तेल घ्यावं का? एक बाजू म्हणाली, तेल भांगेच्या झाडाचं, त्यात गहू-जव येणार कुठून? दुसऱ्या बाजूनं भेसळीचा मुद्दा काढला. बोलणं झालं ते सगळं ग्लुटेनचं. मला ते ऐकवेना.

ग्लुटेनचा हिशेब तर चुटकीसरशी होतो. किलोमागे 20 मिलिग्रॅम ही ग्लुटेनमुक्त पदार्थाची मर्यादा आपल्याकडेही आहे आणि कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांचीही तीच. एखादं तेल नेमकं त्या मर्यादेवर असलं, तरी त्याच्या एका मिलिलिटरमधून पोटात जाणार जेमतेम 0.02 मिलिग्रॅम. दिवसाला 10 मिलिग्रॅमपर्यंतचं ग्लुटेन बहुतेक रुग्णांच्या आतड्याला इजा करत नाही, असं मानतात. तेवढं होण्यासाठी हे तेल अर्धा लिटर प्यावं लागेल! गमी, चॉकलेट, बिस्किटं अशा रूपात सीबीडी घेणाऱ्यांनी मात्र गव्हाचा स्टार्च आणि माल्ट जरूर बघावा. थेंबांपुरता ग्लुटेनचा विषय इथे संपतो.

पण ग्लुटेन नाही म्हणून धोका नाही, हे कोणी ठरवलं?

माझ्याकडे आलेल्या एका मुलीची हकिकत सांगते. नावगाव सांगत नाही. लग्नानंतर निदान झालेली, नोकरी करणारी मुलगी. ज्वारीची भाकरी, भात, वरईवर छान सावरली होती. टीटीजी, म्हणजे ग्लुटेन पोटात गेलं की रक्तात वाढणारं प्रतिपिंड, खाली आलं होतं, वजन वाढलं होतं. मग एकाएकी जुलाब सुरू झाले, भूक मेली, दिवसभर मरगळ, आणि रक्तात एसजीपीटी हे यकृताचं एन्झाइम वाढलेलं. सगळ्यांनी एकच निदान केलं: पथ्य मोडलं. घरात झडती सुरू झाली. हिंगाची डबी बघितली, कारण बाजारच्या हिंगपुडीत मैदा असतो. गिरणीवाल्याला विचारलं, ज्वारीचं दळण गव्हावर तर टाकलं नाहीस ना? सासूबाईंनी बिचारीसाठी पोळपाट, तवा, डबे, सगळं वेगळं केलं होतं. शेवटी संशय त्यांच्याच हातावर आला. माझ्या समोरच्या खुर्चीत बसून त्या पदरानं डोळे पुसत होत्या. एन्डोस्कोपी पुन्हा करायचं ठरत होतं. आणि टीटीजी? ते नॉर्मल होतं.

मी मुलीला विचारलं, "बाळा, जेवणाशिवाय तोंडात काय काय जातं?"

"काहीच नाही, मॅडम. झोपेसाठी थेंब घेते तेवढे. पण ते हर्बल आहेत."

भावानं अमेरिकेहून आणलेली सीबीडी तेलाची बाटली तिच्या उशाशी होती. 'ग्लुटेन फ्री' असं तिच्यावर ठळक छापलेलं, म्हणून घरातल्या कुणाचं तिकडे लक्ष गेलं नाही. तिच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं थेंब बंद झाले. पोट ताळ्यावर आलं आणि पुढच्या तपासणीत एसजीपीटीही उतरलं.

एका रुग्णावरून सिद्धान्त मांडू नये, हे मला ठाऊक आहे. म्हणून एपिडिओलेक्सकडे बघा. ते सीबीडीचंच शुद्ध केलेलं औषध. 2018 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ते लहानपणी सुरू होणाऱ्या अपस्माराच्या दोन दुर्धर प्रकारांसाठी मान्य केलं. त्याचे नोंदलेले दुष्परिणाम कोणते? जुलाब, भूक मंदावणं, गुंगी, थकवा आणि यकृताच्या एन्झाइम्सची वाढ. पथ्य चुकलेल्या सीलिअ‍ॅकच्या रुग्णात आपण दुसरं काय शोधतो? पथ्य बिघडलं हे ज्या खुणांवरून आपण ओळखतो, त्याच खुणा हे तेल उभ्या करू शकतं. मग पथ्य नीट पाळणारा रुग्ण खोटा ठरतो आणि त्याच्यासाठी रांधणारं माणूस गुन्हेगार ठरतं.

हे परिणाम औषधाच्या मोठ्या मात्रेचे, थेंबांत तेवढं सीबीडी कुठलं, असा आक्षेप कुणी घेईल. बाटलीत किती आहे हे खात्रीनं कळत असतं, तर मी तो मानला असता. ऑनलाइन विकत घेतलेल्या 84 सीबीडी उत्पादनांची तपासणी 2017 मध्ये 'जामा' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. लेबलावरचा आकडा खरा निघाला फक्त 26 उत्पादनांत. 18 मध्ये टीएचसी, म्हणजे नशेचा घटक, सापडला. आपल्याकडे तर गोंधळ आणखी मोठा. भांगेच्या बियांच्या तेलाला 2021 मध्ये अन्न म्हणून मान्यता मिळाली. त्यात सीबीडी नावापुरतंच असतं. विजयेच्या, म्हणजे भांगेच्या, पानांचा अर्क असलेलं तेल मात्र आयुर्वेदिक औषध आहे आणि ते वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यायचं असतं. रुग्ण दोन्हींना एकच समजतो, आणि विकणारा त्याचा गैरसमज दूर करत नाही.

विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांची मला अशा वेळी फार आठवण येते. सीलिअ‍ॅकचं कारण म्हणून गव्हावर त्यांचा संशय आधीपासून होता. 1944-45 च्या उपासमारीच्या हिवाळ्यात पाव मिळेनासा झाला आणि तो संशय पक्का झाला. 1950 मध्ये त्यांनी प्रबंध लिहिला. मुलांना कोणतं धान्य दिलं आणि मग त्यांच्या विष्ठेत किती चरबी उतरली, याच्या चिकाटीनं ठेवलेल्या नोंदींवर हा शोध उभा राहिला. आपल्याकडेही पूर्वी रुग्ण खाण्याची वही घेऊन यायचे. पानांना हळदीचे डाग, मध्येच किराणाची यादी, पण दिवसभराचं सगळं तीत असायचं. आता ताटाचा फोटो येतो. ताटाबाहेरचं त्यात येत नाही.

ती वही पुन्हा सुरू व्हावी. तिच्यात थेंब, चूर्णं, काढे, पावडरी यांचा रकाना असावा. आपल्या संघटनेनं एक समान तक्ता करावा, हिंगापासून औषधांपर्यंत माहिती गोळा करावी. तरुण सहकाऱ्यांनी पुढाकार घेतला तर पुढच्या अधिवेशनापर्यंत काही हाती येईल.

सीलिअ‍ॅकवर आज उपचार एकच, आयुष्यभर ग्लुटेनमुक्त जेवण. सीबीडी तेलानं हा आजार बरा होतो याला पुरावा नाही. म्हणून माझ्या रुग्णांना मी ते नको म्हणते, आणि आपणही तसंच सांगावं अशी माझी विनंती आहे. कुणी आधीच घेत असेल तर त्याच्यावर रागावू नका. बाटली मागवून घ्या, लेबल वाचा, त्याच्या डॉक्टरांना कळवा. तो वॉर्फरिनसारखं रक्त पातळ करणारं किंवा फिट्सचं औषध घेत असेल, तर हा फोन त्याच दिवशी करा.