गाणं आपलं, हक्क कुणाचा?

(मंडळाच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण पिढ्यान् पिढ्या आदिलाबादेत आहोत. बाहेर तेलुगू, घरात मराठी. गणपतीच्या दहा दिवसांत आपल्या मंचावर गाणी होतात, कविता होतात, एखादं नाटक होतं. ते सगळं कुणीतरी लिहिलेलं असतं, कुणीतरी चाल लावलेली असते. त्या 'कुणीतरी'च्या हक्काबद्दल, म्हणजे कॉपीराइटबद्दल, आज बोलायचं आहे. मी वकील नाही. सरकारी नोकरीमुळे कायदे वाचायची सवय लागली, एवढंच.

पुस्तकावर लेखकाचा हक्क असतो, हे प्रथम इंग्लंडच्या १७१० च्या कायद्याने मान्य केलं. आपल्याकडे कंपनी सरकारचा कायदा १८४७ साली आला, पुढे १९१४ चा आला. स्वतंत्र भारताचा कायदा १९५७ चा. तो २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं हक्क राहत असे. रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्याची मुदत १९९१ अखेर संपत होती, तेव्हा ती ६० वर्षं करण्यात आली.

पण या कायद्यात गायकाला जागाच नव्हती. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लतादीदींनी गायकांनाही रॉयल्टी मिळावी असा आग्रह धरला. महंमद रफींना ते पटलं नाही आणि दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं सोडलं. कलावंताचा हक्क कायद्यात यायला १९९४ ची दुरुस्ती व्हावी लागली. चित्रपटातील गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी कुणालाही लिहून घेता येणार नाही, हे तर २०१२ साली ठरलं. एवढ्या काळात किती कलावंत गरिबीत गेले असतील!

आता आपल्या मंचाकडे येऊ. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'सौभद्र', देवलांचं 'शारदा' आता सर्वांचं आहे. पण 'नटसम्राट'? कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे २०५९ अखेरपर्यंत हक्क आहे. 'तुझे आहे तुजपाशी'? पुलं २००० साली गेले, म्हणजे २०६० अखेरपर्यंत.

घाबरू नका. हौशी मंडळाने तिकीट न लावता नाटक किंवा गाणं सादर केलं, तर कायदा त्याला भंग मानत नाही. पूजा-आरतीच्या वेळी गाणी वाजवायलाही सवलत आहे. पण तिकीट लावलं, किंवा कार्यक्रमाचं चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकलं, तर ही सवलत गृहीत धरू नका. आधी परवानगी घ्या. आणि समर्थांची आरती सर्वांची असली, तरी एखाद्या गायिकेने गायलेल्या तिच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो, हेही विसरू नका.

आता आपल्यातल्या कलावंतांसाठी. या स्मरणिकेत कविता देणाऱ्या ताईंचा त्या कवितेवर लिहिताक्षणीच हक्क आहे. नोंदणी सक्तीची नाही. कुणी करारावर सही मागितली, तर मुदत वाचा. मुदत लिहिलेली नसेल, तर कायदा पाच वर्षं धरतो. आणि हक्क विकला, तरी आपलं नाव लावून घेण्याचा अधिकार आपल्याकडेच राहतो.

आपल्या भागातल्या डोकरा कारागिरांची कला मात्र एका माणसाची नाही, पिढ्यांची आहे. तिथे कॉपीराइट अपुरा पडतो. म्हणून 'आदिलाबाद डोकरा'ला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

शेवटी एकच विनंती. व्हॉट्सॲपवर कविता पुढे पाठवताना कवीचं नाव गळतं. मंचावर तरी ते गळू देऊ नका. निवेदकाने प्रत्येक गाण्याआधी गीतकार आणि संगीतकाराचं नाव घ्यावं. त्याला पैसा लागत नाही. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आपल्या मुलांना मराठीतली मोठी माणसं त्यातूनच कळतील.

गणपती बाप्पा मोरया!