घवारचं तेल आणि कोयनेचा कातळ

मी सॉफ्टवेअरवाली. पण भूगोलाचा तास अजून सुटलेला नाही. सौदीच्या वाळवंटातलं घवार १९४८ साली सापडलं. लांबी सुमारे २८० किलोमीटर, म्हणजे साताऱ्याहून मुंबईच्याही पुढे! तिथे तेलाचं तळं नाही. चुनखडकाच्या बारीक छिद्रांत तेल मुरलेलं असतं. कडेने समुद्राचं पाणी दाबून ते विहिरींकडे रेटतात. ‘सागर सम्राट’ला १९७४ मध्ये गवसलेलं आपलं मुंबई हायसुद्धा चुनखडकातलंच.

मग सांगली-साताऱ्यात का नाही? भूकंपाच्या अभ्यासासाठी कोयना परिसरात खोल बोअर मारले. वर शेकडो मीटर काळा कातळ, खाली थेट ग्रॅनाइट. तेल जन्माला घालणारा गाळाचा थर मध्ये नाहीच. तेव्हा शिवारात तेल दाखवून कुणी पैसे मागितले, तर आधी मला फोन करा.