‘कुछ नै’ म्हणणाऱ्या मुलाची फिल्म

(सोलापुरात तरुणांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला इथे दिग्दर्शक म्हणून बोलावलंय. खरं सांगायचं तर मी शादीखान्यातला शूटिंगवाला आहे. निकाह, वलीमा, वाढदिवस, दुकानाचं उद्घाटन अशी कामं करतो. त्याच कॅमेऱ्यावर आम्ही पाच जणांनी मिळून २१ मिनिटांची एक फिल्म केली. मंगनी मोडल्यावर एका मुलाचं आतून काय होतं, एवढाच तिचा विषय. ती कशी झाली आणि ती करताना माझं काय काय चुकलं, ते सांगतो.

२०२१ मध्ये माझी मंगनी मोडली. दीड वर्षापूर्वी जमलेलं होतं. लॉकडाऊनमध्ये लग्नं बंद, म्हणजे माझं काम बंद. कॅमेऱ्याचे हप्ते थकले. मुलीच्या घरच्यांनी आधी तारीख पुढे ढकलली. मग एक दिवस तिचाच फोन आला. हे लग्न मला करायचं नाही, असं तिने शांतपणे सांगितलं. भांडण नाही, आरोप नाही. तिच्या बाजूने तो विषय तिथे संपला.

त्यानंतर सातआठ महिने मला धड झोप नव्हती. लग्नं पुन्हा सुरू झाली होती. दिवसभर मी दुसऱ्यांच्या निकाहचे व्हिडिओ एडिट करायचो आणि रात्री छताकडे बघत पडायचो. भूक गेली, चिडचिड वाढली. अम्मी विचारायची, “क्या हुआ रे?” मी म्हणायचो, “कुछ नै.” अब्बांनी तर विचारलंच नाही. मित्रांनी आपापल्या परीने समजूत काढली. “छोड ना, दूसरी मिलेगी.” एकाने सिगारेट पुढे केली. एकाने तिच्या फोटोखाली चार शब्द सुनवायचा सल्ला दिला. सगळ्यांना माझं उत्तर एकच, कुछ नै.

एका रात्री विजापूर वेशीजवळ चहा पीत होतो. माझ्यासोबत शूटिंगला येणारा मित्र म्हणाला, “क्या होरा तेरेकू?” मी म्हटलं, “कुछ नै.” तो उठला नाही. त्याने दुसरा चहा सांगितला आणि म्हणाला, “अब बोल.” त्या दिवशी मी तासभर बोललो. दुःख काही तासाभरात गेलं नाही. पण जगूच नये असा विचार डोक्यात येतो, हे मी पहिल्यांदा कुणाला तरी मोठ्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी तोच मला डॉक्टरांकडे घेऊन गेला. काही महिने गोळ्या चालल्या, काही महिने नुसतं जाऊन बोलणं चाललं. हळूहळू झोप परत आली.

बरं वाटायला लागल्यावर ठरवलं, यावर फिल्म करायची. पहिली स्क्रिप्ट चार रात्रींत लिहिली. तिच्यात मुलगी बेवफा होती, पैसेवाल्याशी लग्न करत होती, आणि शेवटी नायक जीव देत होता. वरून दर्दभरं गाणं. मला ती फार भारी वाटली. मोठ्या बहिणीला वाचायला दिली. आपाने वाचून एवढंच विचारलं की, या मुलीला बोलायला एक तरी वाक्य आहे का? ती नाही म्हणाली, हाच तिचा गुन्हा ना?

मला राग आला. दोन दिवस मी आपाशी बोललो नाही. पण तिचं खरं होतं. मी दुःखावर लिहीत नव्हतो, सूड घेत होतो. नाही म्हणणं हा त्या मुलीचा हक्क होता. निकाहच्या वेळी मुलीची कबुली विचारतात, ती काही शोभेसाठी नाही. आपल्यातली कितीतरी मुलं मन मोडलं की मुलीचे फोटो पसरवतात, तिच्या कॉलेजबाहेर जाऊन उभी राहतात, आणि दोस्त त्याला दिवानगी म्हणतात. एखाद्या मुलीचा पाठलाग करणं हा कायद्याने गुन्हा आहे. स्क्रिप्ट पुन्हा लिहिली तेव्हा त्या मुलीला एक पूर्ण प्रसंग दिला. आणि माझ्या आयुष्यातली मुलगी ओळखू येईल असं जे जे होतं, ते सगळं काढून टाकलं.

दुसरा धक्का डॉक्टरांनी दिला. ते म्हणाले, हा शेवट ठेवू नको. जागतिक आरोग्य संघटनेने सिनेमा-नाटकवाल्यांसाठी २०१९ मध्ये एक पुस्तिका काढली आहे, ती वाच. त्यात साध्या गोष्टी आहेत. आत्महत्येची पद्धत दाखवू नका. तिला एकच सोपं कारण चिकटवू नका. ती धाडसाची किंवा प्रेमाची निशाणी म्हणून दाखवू नका. माणूस अडचणीतून कसा सावरतो आणि मदत कुठे मिळते, ते दाखवा. मी विचार केला, नायक मरतो, गाणं वाजतं, सगळे रडतात. हे बघणाऱ्या एकट्या मुलाला काय वाटेल? आपण गेलो तरच लोकांना आपली किंमत कळेल, असंच ना? मग तो शेवट मी फाडून टाकला.

आपल्या डोक्यात देवदास बसलेला आहे. शरदचंद्रांची कादंबरी १९१७ ची. दिलीपकुमारांचा सिनेमा १९५५ चा, शाहरुखचा २००२ चा. पण पडद्यावरचा देवदास सगळ्यांना माहीत आहे, पडद्यामागचे युसुफ खान फार थोड्यांना. लागोपाठ शोकांत भूमिका करून दिलीपकुमारांच्या मनावर परिणाम व्हायला लागला, तेव्हा ते मानसोपचार तज्ज्ञाकडे गेले. हलक्याफुलक्या भूमिका करा, असा सल्ला त्यांना मिळाला. ‘आझाद’ आणि ‘कोहिनूर’ त्या वाटेवरचे. हे त्यांनी स्वतः आत्मचरित्रात सांगितलं आहे. एवढा मोठा माणूस त्या काळात डॉक्टरकडे गेला आणि लपवलं नाही. आपण मात्र त्याच्या हातातली बाटली तेवढी लक्षात ठेवली. मराठीतही व्ही. शांताराम यांनी १९३९ मध्ये ‘माणूस’ काढला, तो देवदासच्या रडगाण्याला उत्तर म्हणूनच. प्रेम फसलं तरी आयुष्य जगण्यासाठी असतं, हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं.

आता थोडे आकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यात १,२२,७२४ पुरुष होते. म्हणजे शंभरात बहात्तरच्या आसपास. राज्यांत महाराष्ट्र पहिला, २२,७४६. प्रेमसंबंध हे कारण साडेचार टक्क्यांत लिहिलेलं आहे, कौटुंबिक अडचणी जवळजवळ ३२ टक्क्यांत. पण कागदावर कारण एकच लिहितात, माणसाच्या आत मात्र सगळं एकत्र असतं. माझंच बघा. मंगनी मोडली होती, काम बंद होतं, हप्ते थकले होते, अब्बांसमोर मान वर होत नव्हती. यातलं कोणतं कारण लिहाल?

म्हणून आमच्या फिल्ममधला मुलगा टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतो. सोलापुरात हे शोधायला लांब जावं लागत नाही. यंत्रमागाच्या खटखटीत दोन माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलतात. आणि मनातलं दुखणं ओरडून सांगता येत नाही. तिथे मजुरी मालावर असते, माग थांबला की मजुरी थांबली. आमच्या फिल्ममध्ये शेजारच्या मागावरचा मित्र त्याला विचारतो, काय झालं? तो म्हणतो, कुछ नै. मग तो मित्र आपला माग बंद करतो. स्वतःच्या मजुरीवर पाणी सोडून तो पुन्हा विचारतो. आमच्या फिल्ममधला सगळ्यात मोठा प्रसंग तोच. त्या रात्री माझ्यासाठी आलेला दुसरा चहा म्हणजे हा बंद केलेला माग.

शूटिंग सहा दिवसांचं, सगळं सुट्टीच्या दिवशी. खर्च चौतीस हजार. कॅमेरा घरचा, दोन कॉलर माइक विकत घेतले, बाकी जेवण, रिक्षा आणि कारखान्यातल्या माणसांची बुडालेली मजुरी. गाणं घ्यायचं होतं, पण दुसऱ्याचं गाणं वापरलं की हक्काचा प्रश्न येतो. मग गाणंच काढलं, मागाचा आवाज ठेवला. ज्यांना फिल्म करायची आहे त्यांना सांगतो, पुण्या-मुंबईची वाट बघू नका. नागराज मंजुळे आपल्याच जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. २०१६ चा ‘सैराट’ सगळ्यांनी पाहिला. त्याच्या कितीतरी आधी त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला होता आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. आपली बोली, आपली गल्ली पडद्यावर चालते, हे त्यांनी दाखवून दिलं आहे.

रडण्याच्या प्रसंगाला मात्र आमचा घाम निघाला. नायकाचं काम करणारा मुलगा खरोखर मागावर काम करतो. सात वेळा घेतलं, सातही वेळा तो हसला. भोवती आम्ही सगळे उभे, कुणीतरी मागून म्हणत होतं, “रोतू क्या औरतां सरका?” शेवटी सगळ्यांना बाहेर काढलं, कॅमेरा स्टँडवर सुरू ठेवला आणि मीही बाहेर गेलो. आत येऊन बघतो तर तो एकटा बसून टॉवेलच्या घड्या करत होता. एक घडी घालायचा, मोडायचा, पुन्हा घालायचा. रडला नाहीच. आम्ही तेच ठेवलं.

फिल्म झाल्यावर दोन प्रश्न पुन्हा पुन्हा आले. पहिला तरुणांचा होता. मुलगी दुसऱ्या धर्माची का नाही दाखवली, जास्त चालली असती. चालली असती, हे खरं. आज आपल्या मुलाचं असं प्रेम असेल तर त्याला दुःखाच्या आधी भीती वाटते, हेही खरं. त्यावर फिल्म व्हायलाच हवी. पण इथे तसं केलं असतं तर सगळ्यांनी भांडण पाहिलं असतं, मुलाकडे कुणी बघितलं नसतं.

दुसरा प्रश्न मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांचा. म्हणाले, बेटा, मर्दाने रडायचं हे कुठून आणलंस? मी त्यांना अदबीने म्हटलं, चाचा, सूरह यूसुफमध्ये हजरत याकूब मुलाच्या दुःखात इतके झुरले की डोळे पांढरे झाले. लहानग्या इब्राहिमच्या शेवटच्या घटकेला खुद्द प्रेषितांचे डोळे भरून आले. सोबत्याने नवलाने विचारलं तेव्हा, ही रहमत आहे, असं ते म्हणाले. चाचा काही बोलले नाहीत. पण दुसऱ्यांदा फिल्म दाखवली तेव्हा नातवाला घेऊन आले.

शेवटचं सांगतो. पहिल्यांदा फिल्म घरातच दाखवली, भिंतीवर चादर लावून. अब्बा मागे बसले होते. त्यांनी तीस वर्षं माग चालवला, कानांना कमी ऐकू येतं. फिल्म संपल्यावर सगळे बोलत होते, ते उठून बाहेर गेले. मला वाटलं, नाराज झाले. रात्री उशिरा माझ्या खाटेजवळ आले आणि म्हणाले, “तू सोता नै था, मेरेकू मालूम था. पूछना कैसा, ये मालूम नै था.”

मी इतके दिवस समजत होतो की त्यांना फिकीर नाही. ते त्या सगळ्या रात्री जागे होते. आम्ही दोघं एकाच घरात, मधे एक पडदा, आणि दोघंही जागे.

म्हणून माझी तुम्हाला विनंती छोटी आहे. कुणी ‘कुछ नै’ म्हणालं तर तिथून उठू नका. दुसऱ्यांदा विचारा. उपदेश करू नका, ऐका. त्याने जीव द्यायचा विचार सांगितला तर घाबरून विषय बदलू नका, त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरकडे सोबत जा. आपल्या सिव्हिलमध्ये केसपेपर काढून मानसोपचार विभागात दाखवता येतं. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस नंबर आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. पोलिस केस होईल म्हणून लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा प्रयत्न केलेला माणूस प्रचंड तणावाखाली होता असं धरलं जातं, त्याला शिक्षा नाही, मदत द्यायची असते.

आणि जो मुलगा आत्ता इथे बसून मनात ‘मला काही झालेलं नाही’ म्हणत असेल, त्याला सांगतो. बैठक संपल्यावर मी बाहेर चहाच्या गाडीवर आहे. घाई नाही. दुसरा चहाही सांगू.